अनंताचा डोळा

हेमचंद्र लिमयेचा डावा डोळा बदलतो आहे, हे सगळ्यात आधी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. आणि सुनेत्राने ते महिनाभर कोणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? लिमयांच्या घरात डोळे म्हणजे घराण्याची खूण होती. तीन पिढ्या घाऱ्या डोळ्यांच्या. सुनेत्राच्या सासूबाईंना, माईंना, त्याचा इतका अभिमान की सुनेत्राला बघायला आल्या तेव्हा तिच्या काळ्याभोर डोळ्यांकडे नजर टाकून त्या नुसतं "चालेल" म्हणाल्या होत्या. पोहे चांगले झाले होते त्याबद्दल अवाक्षर नाही. सुनेत्रा हे विसरली नव्हती, आणि संधी मिळाली की बोलूनही दाखवायची.

त्या दिवशी रविवार होता. हेमचंद्र खिडकीशी दाढी करत होता आणि आरसा हलतो म्हणून सुनेत्रा तो धरून समोर उभी होती. ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. उजवा डोळा नेहमीचा, घारा, उन्हाने बारीक झालेला. डाव्यात मात्र मधली काळी बाहुली एवढी मोठी पसरलेली, की तो डोळा जणू अंधाऱ्या खोलीत उभा राहून बाहेर बघत होता. आणि त्या काळ्या वर्तुळाभोवतीचा रंग घारा नव्हता. तांबूस होता. असा रंग आपण कुठेतरी पाहिला आहे असं तिला वाटलं, आणि मग कुठे ते आठवलं.

तो रंग अनंताच्या डोळ्यांचा होता.

अनंता म्हणजे हेमचंद्रच्या कारखान्यातला फिटर. हेमचंद्र अंबरनाथला एका इंजिनिअरिंग कंपनीत सुपरवायझर होता. कामगार त्याला पाठीमागे 'घारे साहेब' म्हणत, आणि तोंडावर तसं म्हणायची हिंमत एकट्या अनंताची. सोनिवलीहून सायकल हाणत यायचा. एकदा लिमयांच्या घरचा पंप बिघडला तेव्हा तो दुरुस्त करायला आला होता आणि चहा पिताना माईंनाही हसवून गेला होता. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघायची त्याला सवय होती. उजेडात धरलेल्या चहाच्या ग्लासाच्या रंगाचे डोळे. सुनेत्राला ते आवडले होते, खोटं कशाला बोला.

आदल्या वर्षी, चौऱ्याऐंशीत, दिवाळीच्या तोंडावर कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये एक पिन अडकून बसली. अनंता छिन्नी लावून हातोड्याने ती सोडवत होता. त्या छिन्नीचं डोकं घाव खाऊन खाऊन कडेने फुललेलं होतं, आणि अशी छिन्नी वापरायची नसते हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. पण माल दिवाळीआधी जायचा होता. हेमचंद्र बाजूला वाकून बॅटरीचा उजेड दाखवत होता. तो म्हणाला, "हाण अनंता, सुटतेय." अनंताने हाणलं. फुललेल्या कडेचा नखाएवढा तुकडा उडाला आणि अनंताच्या गळ्यात शिरला. गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं. त्याचं डोकं हेमचंद्रच्या मांडीवर होतं, आणि डोळे शेवटपर्यंत हेमचंद्रकडे लागलेले होते. ते मिटलेही हेमचंद्रनेच.

त्याच घावाला आपल्याही डाव्या डोळ्यात काहीतरी टोचलं, हे त्याने दोन दिवस घरात सांगितलं नाही. माणूस मेलाय आणि मी डोळ्यात कण गेला म्हणून कुठे रडत बसू, असं त्याचं म्हणणं. पण डोळा लाल झाला, पाणी खळेना, आणि मग माईंनी ताबा घेतला. अंबरनाथमध्ये तेव्हा डोळ्यात काही गेलं तर माणूस डॉक्टरकडे जात नसे. तो पालेगावला बनूबाईकडे जाई. लेथवरचे, ग्राइंडरवरचे, वेल्डिंगवाले, झालंच तर त्यांचे साहेबसुद्धा. बनूबाई मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, पापणी उलटायची आणि जिभेचं टोक अख्ख्या बुबुळावरून फिरवून आणायची. मग जिभेवरचा कण तळहातावर घेऊन समोर धरायची. कण सुनेत्रानेही स्वतः पाहिला. काळा, बारीक. माईंनी नारळ ठेवला. डोळ्याची लाली आठवड्यात गेली, कंपनीच्या डोळेतपासणीत हेमचंद्रने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवली, आणि तो विषय घरातून संपला.

आता त्याच डोळ्यातून अनंता बघत होता.

सुनेत्रा भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. माईंच्या उपासतापासांची ती यथेच्छ टिंगल करायची. पण नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं की हल्ली तिचा हात आपोआप पदराकडे जाई. साडी बदलताना ती दाराला कडी लावू लागली. हेमचंद्रने एकदा विचारलं, "अगं, कडी कशाला?" ती म्हणाली, "वाऱ्याने दार उघडतं." त्या दिवसांत वारा नावालाही नव्हता.

वर्षश्राद्धाचं सांगायला अनंताची बायको आली तेव्हा झाकून ठेवायला काही उरलं नाही. रखमाबाई दारातच उभी होती. "बसा ना," सुनेत्रा म्हणाली. हेमचंद्र आतून बाहेर आला, त्याने हात जोडले आणि मान वर केली. रखमाबाईचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. ना ओरडली, ना रडली. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला, घरचं माणूस समोर आल्यावर करतात तसा, आणि हळूच म्हणाली, "वहिनी, ह्यो डोला सायबांचा नाय."

माई आतून हे ऐकत होत्या. त्या दिवसापासून घरात मीठमोहऱ्या, लिंबू, अंगारे यांना ऊत आला. "हेमूच्या मांडीवर गेला गं तो," माई म्हणायच्या. "जाताना जी वाट दिसली ती धरली त्याने." त्र्यंबकला जायचं ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं.

आणि रखमाबाई दर रविवारी येऊ लागली. दुपारच्या वेळी फाटकापाशी उभी राहायची. काही मागायची नाही. हेमचंद्र बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा, तिच्याकडे तोंड करून, आणि ती बघायची. मग जायची. सुनेत्रा खिडकीतून पडद्याआड उभी राहून हे दोघांचं बघणं बघायची आणि मनातल्या मनात जळायची. आपल्याच नवऱ्याला कोणीतरी आपल्यादेखत भेटायला येतंय, आणि तो भेटतोय, आणि यात पाप असं काहीच नाही. भांडावं तरी कोणाशी?

हेमचंद्र स्वतः या सगळ्यात विलक्षण शांत होता, आणि तिला खरी भीती वाटत होती ती त्याचीच. दिवेलागणीला तो उजव्या डोळ्यावर हात ठेवून बसायचा. "या डोळ्याला संध्याकाळ लवकर होते," तो म्हणायचा. "तांबडा धूर दिसतो. त्यात कोणी उभं असल्यासारखं वाटतं." एकदा जेवताना घास हातात धरून त्याने सांगितलं, "यार्डात भंगार उचलायची क्रेन आहे ना, मोठ्या चुंबकाची? तिच्याजवळून गेलो की डोळा आतून ओढला जातो. कोणीतरी धरून ओढतंय असा. अनंता तिथेच जेवायला बसायचा."

"अहो, मग डॉक्टरला दाखवू या."

"कशाला? तो जाताना माझ्याकडे बघत होता. आता माझ्यातून बघतोय. हाण म्हणणारा मीच होतो. बघू दे त्याला."

"त्याच्या बायकोला बघू दे हो," सुनेत्रा एकदम चिडून म्हणाली, "पण तुम्ही मला कुठून बघणार?"

 चष्मा लागलाय का ते तरी तपासून घेऊ, एवढ्याला मात्र तो कबूल झाला.

उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये, डॉक्टर लछवानींचा दवाखाना होता. डॉक्टर गोल, घामट आणि बडबडे. डोळ्यात बॅटरी मारली आणि त्यांची बडबड थांबली. "डोळ्यात कधी काही गेलेलं का? लोहा, पत्थर, काही पण?"

"गेलं होतं, पण निघालं," माई म्हणाल्या. त्या सोबत आल्याशिवाय राहतात थोड्याच.

"पक्का निघालं? सोच के बोलो."

"अहो, या डोळ्यांनी बघितलं. बनूबाईने तळहातावर काढून दाखवलं." सुनेत्रानेही मान डोलावली. तिनेही पाहिलंच होतं की.

डॉक्टरांनी ओठ चावला. "मग दुसरं काहीतरी असेल," असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले. निघताना मात्र सुनेत्राला बाजूला घेऊन म्हणाले, "बहनजी, मी तर बोललो असतो की अंदर लोहा आहे आणि त्याला जंग लागलाय. लोहा आत राहिला तर डोळ्याचा रंग असाच होतो, आणि मग एक दिवस बत्ती गुल. पण तुम्ही बोलता निघालं, तर निघालं."

थेंबांनी काही झालं नाही. हेमचंद्रला त्या डोळ्याने पेपरचे मथळे दिसेनासे झाले. सुनेत्राच्या डोक्यात डॉक्टरांचं बोलणं घोळत होतं. एका दुपारी ती माईंना न सांगता पालेगावला गेली.

बनूबाई ओट्यावर वाल सोलत होती. सुनेत्राने आडवळण घेतलं नाही. "आमच्या यांच्या डोळ्यातून तुम्ही काढलंत ते लोखंडाचं होतं की माती होती? खरं सांगा. डोळा चाललाय त्यांचा."

बनूबाईचा हात थांबला. तिने सुनेत्राला न्याहाळून घेतलं, बहुधा भांडायला आली आहे की रडायला, हे पाहून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या सायबाच्या डोल्यान कायच नव्हता, बाय."

"मग तळहातावर काय दाखवलंत?"

"जालल्याली नाचनी. गालान ठेवतंय मी, आमची आय ठेवायची तशी. कन निंगाला तरी डोला टोचत ऱ्हातो दोन दिस. मानसाला काय दाकवला नाय तर तो चोलत बसतो, आनी चोलून चोलून डोला घालवतो. दाकवला का मन थंड व्हतं, हात खाली येतो." ती जराही शरमली नव्हती. "सापडला तर खरा दाकवतंय. नाय सापडला तर नाचनी. तुमच्या सायबाचा डोला वरून साफ व्हता. मना वाटला, कन पान्याबरुबर निंगून गेला."

सुनेत्रा तिथेच ओट्यावर बसली. एवढी वर्षं अर्धं अंबरनाथ गालात लपवलेल्या या जळक्या नाचणीवर बरं होत आलं होतं, आणि बाईच्या मनात खोट नव्हती. शिव्या द्याव्यात तर कशाबद्दल? पण त्या एका दाण्यापायी सगळ्यांनी शोधणं थांबवलं होतं. माईंनी, तिने, डॉक्टरांनीसुद्धा. तो कण वर्षभर आत तसाच बसला होता, आणि त्याच्यावर लिंबू उतरवले जात होते.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्रला तिने जवळजवळ ओढतच उल्हासनगरला नेलं. लछवानींनी एक्स-रे काढायला लावले. दोन. एक वर बघताना, एक खाली बघताना. दोन्ही फिल्म त्यांनी दिव्यावर शेजारी शेजारी लावल्या. कवटीच्या रिकाम्या खोबणीत एक पांढरा ठिपका होता. राईहूनही लहान.

"हा वर बघताना," डॉक्टर म्हणाले, "आणि हा खाली. बघा, ठिपका हलला. म्हणजे तो हड्डीत नाही, पापणीत नाही, डोळ्याच्या आतच आहे. अनंताच्या छिन्नीचा तुकडा."

ते नाव सुनेत्राने त्यांना सांगितलं होतं.  हेमचंद्र फिल्मच्या अगदी जवळ गेला.

"पण मी वर बघतोय तेव्हा हा खाली आहे," तो सावकाश म्हणाला. "आणि मी खाली बघतोय तेव्हा वर. माझ्या उलट बघतोय तो."

"अरे बाबा, डोळा गोल असतो. पुढचा भाग वर गेला की मागचा खाली जाणारच. तुकडा मागच्या बाजूला आहे." डॉक्टरांनी हाताची मूठ फिरवून दाखवली. सुनेत्राला ते तेव्हाच्या तेव्हा पटलं. पटलं तरी ती त्या ठिपक्याकडे फार वेळ बघू शकली नाही. एकाच पोलादाचे दोन तुकडे होते. एकाने अनंताला नेलं, आणि दुसरा इथे बसून गंजत होता.

हेमचंद्र घरी आल्यावर म्हणाला, "राहू दे ना, सुनेत्रा. रखमाबाईंना काय सांगायचं?"

"मी सांगेन."

"त्यांच्याकडे दुसरं काही नाहीये गं."

"माझ्याकडे तरी कुठे दुसरा नवरा आहे?" ती म्हणाली, आणि रडू यायच्या आत पिशवी भरायला घेतली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डोळ्याच्या कडेला बारीकशी चीर देऊन तिथे चुंबक धरतात, मग लोखंड आपणहून बाहेर येतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल दिल्यामुळे हेमचंद्र पूर्ण जागा होता. नंतर त्याने सुनेत्राला सांगितलं ते एवढंच: "आधी तसंच ओढल्यासारखं झालं, यार्डात व्हायचं तसं. मग टक् असा आवाज आला. आणि कोणीतरी धरलेला हात सोडला."

तुकडा त्यांनी औषधाच्या छोट्या बाटलीत घालून दिला. डोळा वाचला. त्या डोळ्याने हेमचंद्र पुढे जन्मभर बारीक अक्षर वाचू शकला नाही, पण माणूस ओळखू शकला. रंगाबद्दल डॉक्टर म्हणाले, "गंज भिनलाय. रंग बहुतेक असाच राहणार." माईंना त्याचं फार वाईट वाटलं. सुनेत्राला मात्र आतून हायसं वाटलं, आणि का, ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. रखमाबाईला काही कळायलाच नको, असं ते होतं. ती येईल, तांबूस डोळा बघेल आणि जाईल. आपण तिचं काही काढून घेतलं नाही.

पट्टी निघाल्यानंतरच्या रविवारी रखमाबाई आली. या खेपेला सुनेत्रानेच तिला फाटकातून आत घेतलं. हेमचंद्र ओट्यावर बसला. त्याने काळा चष्मा काढला आणि मान वर केली. ऊन तसंच होतं. डोळा तसाच होता, तांबूस, मधली बाहुली तशीच पसरलेली.

रखमाबाई बघत राहिली. मग एक पायरी वर आली, वाकून अगदी जवळून बघितलं, आधी डाव्या बाजूने, मग उजव्या. घराचं दार ठोठावून आत कोणी आहे का, याचा अंदाज घ्यावा तशी. तिचा पदर डोक्यावरून घसरला, तिने तो सावरला नाही.

"नायत," ती म्हणाली.

"काय नाही, रखमाबाई?"

"ते नायत, वहिनी. गेले."

 "रंग तर तोच आहे हो. बघा ना नीट. तोच आहे."

"रंगाचा मी काय करू?"

मग सुनेत्राने सगळं सांगितलं. छिन्नी, गंज, एक्स-रे, चुंबक. बाटली आणून दाखवली. रखमाबाईने सगळं ऐकून घेतलं, बाटलीला हात लावला नाही. शेवटी म्हणाली, "तुमचा मानूस तुम्हाला ऱ्हायला. बरा झाला." त्यात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर सुनेत्राला सोपं गेलं असतं. रखमाबाईने हेमचंद्रला हात जोडले, परक्या माणसाला जोडतात तसे, आणि फाटक ओढून घेऊन निघून गेली. त्यानंतर ती कधी आली नाही.

हेमचंद्र अजून ओट्यावरच होता. सुनेत्रा त्याच्या समोर जाऊन बसली आणि गेल्या काही महिन्यांत जे तिने एकदाही केलं नव्हतं ते केलं. तिने त्याची हनुवटी धरली आणि त्या डाव्या डोळ्यात सरळ बघितलं. तांबूस वर्तुळ. मोठी काळी बाहुली. तिच्यात तिचाच चेहरा, छोटासा. एवढंच. आणि आता काही नाही हे दिसल्यावरच तिला कळलं, की कालपरवापर्यंत काहीतरी होतं. जे होतं त्यालाच तर ती घाबरत होती. त्यासाठीच तर पदर सावरत होती.

संध्याकाळी बाहेर जायला म्हणून ती साडी बदलायला आत गेली. सवयीने हात कडीवर गेला. ती थांबली. कडी न लावता तशीच खाली जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. चहाचा ग्लास हातात धरून थेट डोळ्यांत बघत हसणाऱ्या त्या फिटरला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. सुनेत्रा त्याच्यासाठी आज पहिल्यांदा रडत होती.